तळ्याला किती सोसेल

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, कॅरिंग कपॅसिटीला मराठीत काय म्हणतात?" मी 'धारणक्षमता' असं उत्तर दिलं. ते बरोबर आहे, पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे एका शब्दात सांगून सोडण्यासारखं नाही. कारण एका तळ्याची धारणक्षमता ठरवायचं काम मी स्वतः केलेलं आहे. तेव्हा तुमचा बाबा जेमतेम चालायला लागला होता. तुम्हा सगळ्यांना एकदमच कळावं म्हणून लिहूनच काढते आहे.

मी सोलापुरात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून तीन-चार वर्षं झाली होती. त्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारने जिल्हाभर पाझर तलाव खोदवले होते. त्यातले बरेच हिवाळा संपता संपता आटून जात. बार्शीच्या रस्त्याला आत एका गावात मात्र असं एक तळं होतं की ते सलग दोन उन्हाळे आटलं नव्हतं. ज्या भागात पाणी टिकतच नाही तिथे टिकलं, की त्याच्यावर सगळ्यांचा डोळा जातो. गावाची जनावरं तिथे पाणी पीत, म्हशी डुंबत, बायका धुणी धूत. गावकरी अंबाडी तिथे कुजत घालत. आणि पाणी अडवणाऱ्या मातीच्या भरावाच्या टोकाला एक भोयाचं बिऱ्हाड येऊन राहिलं होतं, त्यांनी तळ्यात मासे सोडले होते.

तालुक्याच्या कचेरीला प्रश्न पडला, की पुढच्या वर्षी या तळ्यात मासे सोडू द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर किती. जनावरं, धुणी, अंबाडी आणि मासे, एवढं सगळं या पाण्याला झेपेल का? त्यांनी आमच्या कॉलेजला विचारलं आणि आमच्या विभागप्रमुखांनी ते काम आनंदाने अंगावर घेतलं.

या सरांबद्दल सांगायला हवं. निवृत्तीला आलेले, कपाळावर विभूती, हातात कायम छत्री. घरची भाषा कन्नड. आकडेमोड करताना ओठातल्या ओठात कन्नडच पुटपुटत. जन्मात कधी मासा खाल्लेला नाही. खाणं सोडाच, मासळीबाजाराच्या रस्त्याने जावं लागू नये म्हणून लांबून वळसा घालत. आणि तेच सर तळ्यातल्या माशांना श्वास घ्यायला पुरेसा प्राणवायू आहे की नाही, ते मोजायला निघाले होते. मला म्हणाले, "बाई, तुमचे हात स्थिर आहेत. तुम्ही चला."

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी मोजायला पगार निराळा देतात का?" देत नव्हते. तरी त्यांनी तुमच्या बाबाला दिवसभर सांभाळायचं कबूल केलं, आणि माझ्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सरांच्याही वाटणीची घातली.

सकाळची एस.टी. पकडून आम्ही फाट्यावर उतरायचो आणि तिथून चालत जायचो. तळ्यावर पोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं असे. भोयाच्या झोपडीत पाणी प्यायचं, मग काम सुरू. भोई ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी बांधून तळ्यात फिरे. मधल्या पाण्याच्या बाटल्या त्याने भरायच्या, काठाच्या मी. काम आटोपून परतीची चारची एस.टी. गाठायची.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू कसा मोजतात ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. काचेचं बूच असलेली बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग तिथल्या तिथे त्यात दोन द्रावणांचे काही थेंब सोडायचे आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर आत तपकिरी साका धरतो, भरपूर असेल तर थेट कॉफीच्या रंगाचा. प्राणवायू नसेल तर साका पांढरा राहतो. नेमकं माप पुढे प्रयोगशाळेत काढायचं, पण चांगलं की वाईट हे डोळ्यांना तिथेच कळतं.

आमच्या बाटल्या दर खेपेला तपकिरी व्हायच्या. सर त्या उन्हात धरून बघायचे आणि समाधानाने मान डोलवायचे.

भोयाची बायको माझ्याच वयाची असेल. उंच, काटक, बोलायला तिखट. तिचा नवरा बडबड्या आणि थोडा बढाईखोर. दोघांचं सतत काही ना काही चाललेलं असे. पहिल्याच दिवशी तो सरांना म्हणाला, "सायेब, दोन रोहू द्यू का बांधून?" सर दोन पावलं मागे सरले. तो मला म्हणाला, "सायेब मासा खाईत न्हाईत, पर मासा जिता ऱ्हावा म्हून लई झटत्यात."

"खाईत न्हाईत म्हून तर झटत्यात," त्याची बायको चुलीपासून म्हणाली. "खाणारा कशाला झटंल?"

त्यांची एक मुलगी होती. मी गेले की ती पाटी घेऊन माझ्याजवळ येऊन बसे. एकदा मी विचारलं, कितवीत आहेस? ती म्हणाली, दुसरीत. तिची आई म्हणाली, "तिसऱ्यांदा दुसरीत हाय. नापास न्हाय झाली, बाई. तळं आटलं की आमी बिऱ्हाड उचलायचं. करमाळ्याकडं एक झालं, केमजवळ एक झालं. नव्या गावात गेलं की मास्तर म्हणतो, दाखला कुटं हाय? दाखला आणायला मागं कोण जातंय? मग बसवत्यात पुन्ना दुसरीत." मग हातातलं जाळं विणता विणता ती म्हणाली, "हे तळं आटंना. हितं ऱ्हायला दिलं तर पोरगी एका शाळंत वरीसभर बसंल."

त्या वर्षी तिला तळ्याकडून एवढंच हवं होतं. मासे असले तर बिऱ्हाड राहील, आणि बिऱ्हाड राहिलं तर मुलगी शाळेत राहील. हे कळल्यावर प्रत्येक तपकिरी बाटली मला तिच्या बाजूचा कौल वाटू लागली. रसायनशास्त्रात असं वाटून घ्यायचं नसतं, पण वाटायचं खरं.

दिवाळी झाली, शेतांच्या बांधावरची अंबाडी कापून झाली. तुम्ही अंबाडीची भाजी खाल्ली आहे, पण तिच्या जून काटक्यांपासून दोर होतो हे तुम्हाला माहीत नसेल. काटक्यांच्या पेंढ्या बांधून, वर दगड ठेवून त्या पाण्यात बुडवतात. काही दिवसांनी साल कुजून सैल होते, मग ती सोलून, धुऊन वाख काढतात. कासरे, दावी, मोटेचे नाडे सगळं त्याचंच. शेतकऱ्याच्या घरात त्याशिवाय चालत नसे. त्या वर्षी गावातल्या झाडून सगळ्या घरांची अंबाडी तळ्याच्या उत्तरेच्या उथळ काठाला पडली. पाण्याला आंबूस वास येऊ लागला. पण दुपारी आम्ही घेतलेल्या बाटल्या अजूनही तपकिरीच होत होत्या, रंग जरा फिका एवढंच. सर म्हणाले, "तळं दणकट आहे." कचेरीला पाठवायचं उत्तर त्यांनी मनात जुळवायलाही घेतलं होतं: या तळ्याला सगळं झेपतं.

त्याच सुमाराला भोई एकदा आनंदाने सांगू लागला, "बाई, पहाटं येऊन बघा एकदा. मासं तोंडं वर काढून बघत्यात आमच्याकडं. इतकं झाल्यात, की तळ्यात मावंनात."

"तुमचं तोंड बघायला येत असत्याल," बायको म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. सरसुद्धा.

मग एके दिवशी परतीची एस.टी. आलीच नाही. फाट्यावर थांबून थांबून अंधार पडला. शेवटी एका सायकलवाल्याने सांगितलं, की गाडी वाटेत बंद पडली आहे, आता सकाळचीच मिळेल. आम्ही गावात परतलो. सरपंचांनी सरांची सोय शाळेत केली आणि मला घरी नेलं. सासूबाईंना कळवायचा काही मार्ग नव्हता. तुमचा बाबा माझ्याशिवाय झोपायचा नाही, म्हणून माझा जीव थोडा खालीवर होत होता. सरपंचांच्या पत्नीने मला ज्वारीची भाकरी, पिठलं वाढलं आणि गोधडी दिली. झोपताना म्हणाल्या, "उजाडायच्या आत उठवते, बाई. बाहीर जाऊन यिऊ."

तेव्हा खेड्यात बायकांना प्रातर्विधीला पहाटेच्या अंधारात बाहेर जावं लागे, आणि त्या गावात बायकांची वाट तळ्याच्या कडेने होती. त्यांनी उठवलं, तशी मी डबा घेऊन त्यांच्यामागे निघाले. दोन दिवस आभाळ भरून होतं, चांदणी दिसत नव्हती. परत येताना थोडं फटफटलं होतं. मी तळ्याकडे पाहिलं आणि थांबले.

पाण्यावर पाऊस पडत असावा तशी वर्तुळं उमटत होती. पाऊस नव्हता. ते मासे होते. भोयाने सांगितलं होतं तसेच, तोंडं वर काढून. पण ते कोणाकडे बघत नव्हते. पाण्याच्या अगदी वरच्या थरात तोंड उघडत होते, मिटत होते. दम लागलेल्या माणसाचं तोंड तुम्ही पाहिलं असेल, तसं.

सरपंचांच्या पत्नीला मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मग हात धुऊन घरातून माझी पिशवी आणली. दोन बाटल्या रिकाम्या उरल्या होत्या. एक अंबाडीच्या काठाला भरली, एक भोयाच्या झोपडीसमोर. थेंब सोडले, बाटल्या उलटसुलट केल्या. अंबाडीकडच्या बाटलीत साका धरला तो दह्यासारखा पांढरा. झोपडीसमोरचा त्याहून जरासा पिवळट, इतकंच. आधी वाटलं द्रावण खराब झालं असेल. पण तेच द्रावण आदल्या दिवशी दुपारी वापरलं होतं, आणि त्याच पाण्यात तपकिरी रंग आला होता.

मी बाटल्या घेऊन शाळेत गेले. सर ओट्यावर लिंबाच्या काडीने दात घासत बसले होते. मी बाटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी काडी बाजूला ठेवली, एक बाटली उजेडाकडे धरली, दुसरी धरली. मग म्हणाले, "बाई, तळ्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री ते सोडत नाही, उलट वापरतं. मासेही वापरतात, कुजणारी अंबाडीही वापरते. म्हणजे तळ्याची सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवतो आहे." बाटली खाली ठेवून ते म्हणाले, "आणि आपण पाणी मोजलं एस.टी.च्या वेळापत्रकाने."

सकाळची एस.टी. आली आणि गेली. आम्ही गेलो नाही. सरांनी कंडक्टरच्या हाती आमच्या दोघांच्या घरी निरोप पाठवला आणि आम्ही दिवसभर तळ्यावर बसून राहिलो. बाटल्या धुवायच्या, भरायच्या, बघायच्या. ऊन येत गेलं तसा साका पिवळा झाला, मग बदामी, दुपारी तपकिरी. मासे खाली गेले. तळं पुन्हा नेहमीसारखं शहाण्या मुलागत दिसू लागलं.

आम्ही जात नाही म्हटल्यावर गावातले लोक बघायला जमले. सरपंच आले. त्यांची अंबाडी सगळ्यांत जास्त होती. "सायेब," ते म्हणाले, "धा बाटल्यांत तळं कोंबलं आन् म्हणता तळं आजारी हाय?"

"आजारी नाही," सर म्हणाले. "रात्री दम लागतो."

"आमच्या आज्ज्यालाबी लागायचा. नव्वद वर्सं जगला."

लोक हसले. सरही हसले. मग म्हणाले, "आज रात्री तुम्ही कुजकी अंबाडी डोक्यावर घेऊन झोपा, तळं झोपतं तसे. सकाळी बोलू."

दुपारी मी झोपडीत गेले. काय झालं आहे ते भोयाच्या बायकोला मला स्वतःला सांगायचं होतं. मासे खुशीने वर येत नाहीत, गुदमरून येतात, हे मी सांगितलं. तिचा नवरा सांगत असलेली गंमत तीच. त्याचा चेहरा उतरला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं.

"मग कचेरीला काय लिवणार?"

"पहाटेचं लिहावं लागेल."

"दुपारचं लिवा की, बाई," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दुपारचं काय खोटं हाय? तुमच्याच बाटल्यांनी सांगितलंय न्हवं?"

ती बरोबर बोलत होती. दुपारचे आकडे खरेच होते. तेच पाठवले असते तर कोणी आम्हाला जाब विचारणार नव्हतं. तिची मुलगी दाराशी पाटीवर काही काढत होती, तिकडे बघायचं मी टाळलं.

मी म्हटलं, "ऐक. दुपारचं लिहिलं तर कचेरी भरपूर मत्स्यबीज सोडू देईल. उन्हाळ्यात पाणी उतरेल, म्हशी डुंबतील, आणि एका पहाटे तुझे सगळे मासे पोट वर करून काठाला लागतील. गाव म्हणेल, भोयाने पाणी नासवलं. त्या दिवशी तुला इथून उठावं लागेल, आणि तेव्हा मी काहीही लिहिलं तरी उपयोग नाही."

तिने दाराशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं. मग विचारलं, "किती सोसंल मग त्येला?"

"अंबाडी बाहेर काढली तर आत्ताचे निम्मे मासे. अंबाडी आतच राहिली तर तेही नाही."

"निम्म्यात तिघांचं पोट भरत न्हाय," तिचा नवरा म्हणाला. त्याने हे मला सांगितलं नाही, तिलाही नाही. ट्यूबमधली हवा तपासत नुसता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी सरपंचांना तळ्यावर बोलावलं. सरपंच घोंगडी पांघरून, जांभया देत आले. बरोबर आणखी चार-पाच जण होते. सरांनी बाटली सरपंचांच्या हातात दिली, पाण्याखाली कशी धरायची ते दाखवलं. थेंब मी सोडले. बाटली सरपंचांनीच हलवली. पांढरा साका खाली बसत गेला. सर म्हणाले, "काल दुपारी तुमच्यादेखत याच जागी काय रंग आला होता?"

सरपंचांनी बाटली डोळ्यांजवळ धरली. "दह्यावानी दिसतंय," ते म्हणाले. मग पाण्यावर तोंडं उघडणाऱ्या माशांकडे पाहिलं. "हे असं रोज?"

"आभाळ असलं की जास्त. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की त्याहून जास्त."

बैठक शाळेतच झाली. तुम्हाला वाटेल बाटली पाहिल्यावर सगळे लगेच पटले असतील. तसं झालं नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "दम माशाला लागतोय. आमच्या म्हशीला तर लागत न्हाय? मग मासंच काढा की. अंबाडी ऱ्हाऊ द्या. भोयाचं घर एक, आमची घरं किती." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. दोराशिवाय त्यांची शेती चालत नव्हती, आणि भोई परगावचा होता.

सर उभे राहिले. ते भाषण करणारे नव्हते. म्हणाले, "मासा मला खायचा नाही. मला तो तळ्यात हवा आहे तो दुसऱ्याच कारणाने. पाणी बिघडायला लागलं की आधी मासा सांगतो, मग म्हैस सांगते, मग तुमचं लेकरू. मासे काढून टाकले तर पहिला सांगणारा जाईल. बिघाड राहीलच."

मग सरपंचांनी विचारलं, "अंबाडी मंग कुटं न्यायची? डोक्यावर घिऊन झोपा म्हणला होता कालच्याला, त्ये सोडून सांगा."

भरावाच्या खालच्या अंगाला, दुष्काळी कामात माती उकरलेले खड्डे होते. तळ्याचं पाझरलेलं पाणी त्यात साचे. सरांनी त्यात अंबाडी घालायची सूचना केली. कुरकुर झाली. ओल्या पेंढ्या भरावावरून पलीकडे वाहायच्या म्हणजे खांदे मोडायचं काम. पण आपण आधी नेतो असं सरपंच म्हणाले, आणि त्यांनी खरंच त्याच दुपारी पहिली गाडी भरली. भोई आणि त्याची बायको सगळ्यांच्या पेंढ्या वाहू लागले. ज्यांनी सकाळी मासे काढा म्हटलं होतं, त्यांच्याही. आम्ही चारच्या एस.टी.ने निघालो; संध्याकाळपर्यंत निम्मीअधिक अंबाडी पलीकडे गेल्याचं मागाहून कळलं. काही घरांनी नेली नाही ती नाहीच नेली.

घरी पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझा लेक झोपला हो दोन्ही रात्री. मला मात्र झोप नाही." मग विचारलं, "काय निघालं तळ्यात?" मी सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या पोरीच्या शाळेचं काय मग?" आमच्या सगळ्या मोजमापात हा प्रश्न सरळ विचारणाऱ्या त्या पहिल्याच.

कचेरीला आम्ही पहाटेचंच कळवलं. कचेरीने मान्य केलं: मासे चालतील, पण आत्ताच्या निम्मे, आणि उन्हाळा लागायच्या आत मोठे मासे काढून पाणी हलकं करायचं. भोयाचं बिऱ्हाड राहू शकत होतं. फक्त त्या निम्म्यात तिघांचं भागत नव्हतं. तेव्हा जानेवारी संपता संपता भोई मोठं जाळं गुंडाळून भीमेकडे गेला, तिथे नदीवर काम मिळतं असं त्याने ऐकलं होतं. बायको आणि मुलगी मागे राहिल्या. तळ्याला एवढंच घर सोसत होतं.

आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिलो, आता मुक्कामाला, पहाटेच्या पाण्यासाठी. बाटल्यांत बदामी रंग येऊ लागला. लहान जाळं घेऊन ती एकटीच ट्यूबवर बसून तळ्यात जायची. सुरुवातीला कंबरभर पाण्यातून पुढे जायला भ्यायची, पुढे भीती गेली.

होळीच्या सुमाराला आम्ही गेलो तेव्हा तिचा नवरा आलेला होता. वाळला होता, पण बढाया कायम होत्या. भीमेतला मासा केवढा, ते दोन्ही हात फैलावून सांगत होता. सकाळी त्याने मोठं जाळं काढलं आणि सवयीने तळ्याकडे निघाला. ती आडवी गेली.

"कुटं निघाला?"

"कुटं म्हंजे? तळ्यात."

"ह्या पंधरवड्याचं झालंया काढून. आता काढायचं न्हाय."

"माझ्या तळ्यावर मलाच बंदी?" तो आमच्याकडे बघून हसला. "बघा सायेब, घरचा पाव्हणा केला ह्या बाईनं मला."

"तळं तुमचं न्हाय, आन् माझं बी न्हाय," ती म्हणाली. "पाणी उतरलंय. त्या दगडाखाली गेलं की मोठं जाळं न्हाय घालायचं. बाईंनी सांगितलंय." खरं तर तेवढं मी सांगितलं नव्हतं. दगडाची खूण तिने स्वतःच ठरवली होती.

तो थोडा वेळ जाळं खांद्यावर घेऊन उभा राहिला. मग ते भरावावर उन्हात पसरलं आणि त्याची फाटकी घरं विणत बसला. मुलगी शाळेतून आली तेव्हा तिला शेजारी बसवून त्याने पुस्तक वाचायला लावलं. वाचलेलं त्याला कळत होतं की नाही कोण जाणे, पण ती अडखळली की तो "व्हय, व्हय, पुढं" म्हणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बाटल्या भरत होतो तेव्हा तो निघाला. ती त्याच्याबरोबर भरावाच्या टोकापर्यंत गेली. भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि काही बोलली, ते आमच्यापर्यंत आलं नाही. तो फाट्याच्या वाटेला लागल्यावर ती परतली, आमच्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि म्हणाली, "दाखवा, बाई, आज कसंय."

मी बाटली तिच्या हातात दिली.